विश्लेषण : शाम्पूला बंदी, भांड्यांच्या साबणाला मुभा! सशाच्या पाठीवरची चाचणी अजून कशासाठी?

किराणा दुकानाच्या एकाच फळीवर शाम्पूची बाटली असते आणि तिच्या शेजारी भांडी घासायचे लिक्विड. दोन्हींना फेस येतो तो बहुधा एकाच कुळातल्या रसायनांमुळे. सोडियम लॉरिल सल्फेट हे त्यातले सर्वांत परिचित नाव. हे रसायन शाम्पूत घालायचे म्हणून ते त्वचेला झोंबते का, हे भारतात सशावर तपासता येत नाही. तो गुन्हा आहे. तेच रसायन भांड्यांच्या किंवा फरशीच्या साबणात घालायचे असेल, तर हा मज्जाव लागू होत नाही. रसायन तेच, ससाही तोच. बदलते ते फक्त बाटलीवरचे लेबल.

सौंदर्यप्रसाधनांवरील बंदीला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या वेळी तिचे भरपूर कौतुक झाले आणि ते रास्तही होते. मात्र त्या कौतुकात कायद्याचे काम अर्धेच झाले आहे, हे मागे पडले. उरलेले अर्धे काम करण्यासाठी आज विज्ञानाची अडचण राहिलेली नाही.

चाचणी नेमकी कशी होते?

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, रसायनांच्या चाचण्यांच्या पद्धती ठरवून देते. त्यातली ४०४ क्रमांकाची पद्धत त्वचेच्या दाहाची आहे. पांढऱ्या सशाच्या पाठीवरचे केस आदल्या दिवशी कातरतात. सुमारे ६ चौरस सेंटिमीटर जागेवर अर्धा मिलिलिटर द्रव किंवा अर्धा ग्रॅम पूड लावून वर गॉजची पट्टी बांधतात. चार तासांनी पट्टी काढून जागा पुसतात. मग १, २४, ४८ आणि ७२ तासांनी त्या जागेची लाली आणि सूज डोळ्यांनी पाहून ० ते ४ असे गुण दिले जातात. जखम भरून येते का, हे पाहण्यासाठी ससा १४ दिवसांपर्यंत निरीक्षणाखाली राहू शकतो.

आधी एका सशावर आणि गंभीर इजा दिसली नाही तर आणखी एक-दोन सशांवर हे केले जाते. तीनपैकी किमान दोन सशांचे सरासरी गुण २.३ किंवा त्याहून अधिक आले, की रसायन ‘दाहकारक’ ठरते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ‘क्षरणकारक’. त्यात कातडी कायमची जळते.

ससाच का? तो शांत असतो, पाळायला स्वस्त पडतो आणि पांढऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते. सशाची कातडी माणसासारखी आहे म्हणून त्याची निवड झालेली नाही. ती तशी नाहीच. माणसाच्या त्वचेपेक्षा ती पातळ आहे आणि तिच्यातून रसायने सहज आत जातात.

ही पद्धत आली कुठून?

तिचा उगम एका खऱ्या दुर्घटनेत आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश लूर’ नावाचा पापण्या काळ्या करण्याचा रंग विकला जात होता. त्यात पॅरा-फेनिलीनडायअमाइन हे रसायन होते. आजही केसांच्या अनेक कलपांत आणि बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त ते सापडते. त्या रंगाने काही स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा मृत्यूही झाला. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात सौंदर्यप्रसाधने येतच नव्हती, त्यामुळे तो माल बाजारातून उचलण्याचा अधिकार सरकारकडे नव्हता. १९३८ साली नवा कायदा झाला. पाठोपाठ तपासणीची ठरावीक पद्धत हवी होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली ती प्रसिद्ध केली. तेव्हा सहा ससे घेत, पट्टी २४ तास ठेवत आणि काही ठिकाणी कातडी मुद्दाम खरवडत असत. आजची पद्धत हे त्याचेच सौम्य रूप आहे.

म्हणजे ड्रेझ चाचणी ग्राहकाच्या बाजूने जन्माला आली. ती क्रूर लोकांनी शोधलेली नव्हती. दुसरे काहीच हाताशी नसताना ती उपयोगाचीही होती. प्रश्न आहे तो ८० वर्षांनंतरही ती प्रमाण मानायची का, हा.

सशाचे उत्तर किती खरे?

या चाचणीवरचा सर्वांत जुना आक्षेप प्राणिप्रेमींच्या मोर्चातून आलेला नाही. तो विषशास्त्रज्ञांचाच आहे. कॅरोल वाइल आणि रॉबर्ट स्काला यांनी तीच रसायने दोन डझनांच्या आसपास प्रयोगशाळांना पाठवली आणि सशांच्या डोळ्यांवर व त्वचेवर त्याच पद्धतीने तपासायला सांगितली. १९७१ साली निकाल प्रसिद्ध झाले. एका प्रयोगशाळेने जे रसायन जहाल ठरवले, तेच दुसरीने निरुपद्रवी म्हटले होते. नव्या कोणत्याही नियमावलीत ही पद्धत प्रमाण म्हणून घालू नये, असे त्यांनी तेव्हाच स्पष्ट लिहिले. याला अर्धे शतक उलटून गेले आहे.

अलीकडे अमेरिकेतील सरकारी संशोधकांनी जुन्या नोंदी चाळून हाच प्रश्न पुन्हा तपासला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात असे दिसले, की जे रसायन एकदा ‘मध्यम दाहकारक’ ठरले होते, ते पुन्हा तपासल्यावर किमान ४० टक्के वेळा ‘सौम्य’ किंवा ‘दाहकारक नाही’ असे निघाले. साखर तपासायला दिली आणि त्याच रक्ताचे दोन वेगळे अहवाल आले, तर रुग्ण लॅब बदलतो. इथे मात्र पद्धत तशीच राहिली.

त्याहून मोठा प्रश्न सशाकडून माणसाकडे येताना पडतो. युरोपातील संशोधकांनी स्वयंसेवक माणसांच्या त्वचेवर रसायनांच्या पट्ट्या चार तास लावून पाहिल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सशाने दाहकारक ठरवलेल्या १६ रसायनांपैकी फक्त ५ माणसाच्या त्वचेला लक्षणीय झोंबली. सशाचे आणि माणसाचे उत्तर ५६ टक्के वेळाच जुळले. नाणे उडवले असते तरी यापेक्षा फार वाईट झाले नसते.

कोणी म्हणेल, ससा जास्त घाबरवतो तर घाबरवू दे, सावधगिरी काय वाईट? त्यात तथ्य आहे, पण थोडेच. ज्यावर गरज नाही त्यावरही धोक्याचे चिन्ह छापले, की माणसे चिन्ह बघणेच सोडतात. फिनेलच्या बाटलीवरचा बारीक मजकूर शेवटचा कोणी वाचला होता?

मग पर्याय काय?

माणसाचीच त्वचा, पण माणसाशिवाय. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या कातडीतून दात्याच्या संमतीने पेशी घेतात आणि त्या प्रयोगशाळेत वाढवतात. या पेशी हवेच्या संपर्कात ठेवल्या, की थरावर थर चढत जातात आणि वर मृत पेशींचा कोरडा पापुद्राही तयार होतो. अगदी आपल्या हातावर असतो तसा. नखाएवढ्या या चकत्या ‘एपिस्किन’, ‘एपिडर्म’ अशा नावांनी विकल्या जातात.

चाचणी साधी आहे. चकतीवर रसायन टाकायचे. कोणती चकती वापरली त्यानुसार ते १५ मिनिटे ते तासभर ठेवायचे, मग धुऊन चकती ४२ तास उबदार पेटीत ठेवायची. त्यानंतर तिला एक पिवळे द्रावण देतात. जिवंत पेशी त्याचे निळ्या-जांभळ्या रंगात रूपांतर करतात, मेलेल्या करत नाहीत. रंग किती उतरला हे यंत्र मोजते. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत उरल्या, तर रसायन दाहकारक. लाली ‘दोन’ म्हणायची की ‘तीन’, असा डोळ्यांचा अंदाज यात नाही. योगायोग असा, की चाचणी नीट चालली आहे ना हे पाहण्यासाठी दर वेळी एका चकतीवर हमखास झोंबणारे रसायन टाकावे लागते. ते असते सोडियम लॉरिल सल्फेटचे ५ टक्के द्रावण.

युरोपच्या पडताळणी केंद्राने २००७ साली ही पद्धत सशाची जागा घेऊ शकते असे मान्य केले. ओईसीडीने २०१० साली तिला ४३९ क्रमांक दिला. कातडी जाळणाऱ्या रसायनांसाठीची अशीच पद्धत तर २००४ पासूनच उपलब्ध आहे. वर उल्लेखलेल्या २०१०च्या अभ्यासात माणसाच्या त्वचेशी या चकत्यांचे उत्तर ७० ते ७६ टक्के वेळा जुळले. शंभर टक्के नव्हे, पण सशाच्या ५६हून बरेच बरे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. रसायन स्वतःच गडद रंगाचे असेल, तर मोजणीत गोंधळ होतो आणि वेगळी दक्षता घ्यावी लागते. अगदी सौम्य दाह आणि दाह नसणे यातला फरक तिला सांगता येत नाही. ॲलर्जी हा तर वेगळाच प्रकार आहे. कलपाने डोके सुजते ते बहुधा ॲलर्जीने, दाहाने नव्हे. त्यासाठी पूर्वी गिनिपिग आणि नंतर उंदीर वापरत. आता त्यातही प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांची सांगड घालून निर्णय घेण्याची रीत ओईसीडीने २०२१ साली मान्य केली आहे. कर्करोग किंवा गर्भावरील परिणाम यांसाठी मात्र असा सोपा पर्याय अजून नाही. सगळ्याच प्राणिचाचण्या उद्यापासून बंद करा, ही मागणी म्हणूनच टिकत नाही. त्वचादाहाची टिकते.

भारतात कायदा काय सांगतो?

मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १४८-क हा नियम आला आणि सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांची आयातही थांबली. दक्षिण आशियात हे पहिल्यांदाच घडत होते. २०२०च्या सौंदर्यप्रसाधने नियमांतही ही बंदी कायम आहे. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरील आणि तत्सम प्राणीविरहित पद्धतींना जागा मिळाली.

कीटकनाशके, घरगुती स्वच्छतेची रसायने, रंग, गोंद आणि कारखान्यांतली हजारो द्रव्ये मात्र १४८-कच्या कुंपणाबाहेर आहेत. त्यांना लागू होतो तो १९६०चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. त्याच्या १७व्या कलमातली एक तरतूद मुळातून वाचण्यासारखी आहे. मोठ्या प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत आणि तेच निष्कर्ष मिळत असतील तर ते लहान प्राण्यांवर करावेत, असे ते कलम म्हणते. उदाहरणे दिली आहेत गिनिपिग, ससा, बेडूक आणि उंदीर यांची. घोडा वाचावा म्हणून कायद्याने ससा पुढे केला! १९६० साली ती दयाबुद्धीच होती. त्याच कलमात शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत असेही आहे, पण त्या ‘शक्य तिथे’ची कसोटी कोणी लावायची, यावर सारे अडते.

आज ती कसोटी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे लागते. नियामकाला सशाची माहिती हवी आहे असे कंपनीने सांगितले, की समितीपुढे फारसा पर्याय उरत नाही. आणि चकतीची माहिती चालेल असे नियामकाने ठळक लिहून दिले नाही, तर नोंदणी लटकेल या भीतीने कंपनी सशाकडेच जाणार. यात खलनायक कोणी नाही. आधीच्या फाइलीत होते म्हणून पुढच्या फाइलीतही असते, एवढेच.

खर्च आणि आयातीचे काय?

ही अडचण खरी आहे. एपिस्किनची निर्मिती फ्रान्समधील ल्यॉनमध्ये होते, तर एपिडर्मची अमेरिकेत आणि स्लोव्हाकियात. चकती जिवंत असते, त्यामुळे पोहोचल्यावर काही दिवसांतच वापरावी लागते. विमानतळाच्या गोदामात कागदपत्रांसाठी पार्सल अडकले, तर आतली त्वचा मरते आणि पैसे वाया जातात. ससा मात्र पिंजऱ्यात तयार असतो.

पण याचे उत्तर सशाकडे परतणे हे नव्हे. ओईसीडीने चकती बनवण्याची एखादी मालकी हक्काची कृती सक्तीची केलेली नाही. त्वचा कोणत्या निकषांवर उतरली पाहिजे ते सांगितले आहे. ते निकष पाळणारी त्वचा भारतात बनू शकते. पेशी वाढवणारे मनुष्यबळ आहे आणि पुणे-मुंबई-हैदराबाद पट्ट्यात लस आणि जैवऔषधांचे कारखानेही आहेत. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात प्राण्यांच्या वापराला पर्याय शोधणारे महात्मा गांधी-डोरेनकँप केंद्र २००९ पासून आहे. उणीव आहे ती मागणीची. नियामकाने चकती मागितली, तर ती बनवणारे पुढे येतील.

शिवाय ही बाब निर्यातीचीही आहे. ओईसीडीच्या माहिती परस्परस्वीकाराच्या व्यवस्थेत भारत २०११ पासून पूर्ण सहभागी आहे. उत्तम प्रयोगशाळा पद्धतीचे प्रमाणपत्र असलेल्या भारतीय प्रयोगशाळेचा अहवाल त्या व्यवस्थेतल्या इतर देशांत ग्राह्य धरला जातो. हे ४३९ क्रमांकाच्या पद्धतीलाही तितकेच लागू आहे. युरोपने २०१६ साली आपल्या रसायन कायद्यात बदल करून त्वचादाहासाठी आधी प्राणीविरहित चाचणी आणि ती खरोखरच लागू होत नसेल तरच ससा, असा क्रम घालून दिला. वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही २०२१ पासून हाच क्रम आहे. चिकटपट्टी किंवा कॅथेटर निर्यात करणाऱ्याला आज ना उद्या चकतीकडे जावेच लागणार.

युरोपातही सारे सरळ नाही. तिथे प्रसाधनांवरची बंदी २०१३ साली पूर्ण झाली, पण सनस्क्रीनमधल्या दोन रसायनांसाठी त्याच युरोपच्या रसायन संस्थेने प्राण्यांवरच्या इतर प्रकारच्या चाचण्या मागितल्या. कारण कारखान्यात ती हाताळणाऱ्या कामगारांची सुरक्षितता. सिमराइज ही जर्मन कंपनी न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हरली. एकाच रसायनाला दोन कायदे लागू झाले, की ग्राहकाला दिलेला शब्द कामगाराच्या दारात अडतो. भारताने उरलेले अर्धे काम हाती घेताना हा गुंता आधीच सोडवलेला बरा.

ससा सुटला तरी हातांचे काय?

या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून सुटते. ससा असो की चकती, चाचणीचा प्रश्न एकच आहे: हे रसायन एकदा, थोडा वेळ लागले तर काय होते? माणसांचे हात मात्र बहुतेक वेळा एकदाच लागण्याने बिघडत नाहीत. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या बोटांच्या भेगा, दिवसभर सॅनिटायझर चोळणाऱ्या परिचारिकेची सोललेली कातडी, हे रोज थोडे-थोडे साचत गेलेले दुखणे असते. चार तासांच्या पट्टीत निर्धोक ठरलेला साबणही दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षे लागला तर हात फोडतो. तो आकडा सशाच्या पाठीवर मिळणार नाही आणि चकतीवरही नाही. तो कामगारांचे हात तपासूनच मिळतो.

असे तपासून काय साधते, याचे उदाहरण सिमेंट आहे. ओले सिमेंट इतके अल्कधर्मी असते की ते कातडी जाळते. ते ओळखायला प्राणी लागत नाही, सामू मोजणारी कागदाची पट्टी पुरते. ओईसीडीची पद्धतही टोकाच्या आम्ल-अल्क पदार्थांसाठी ससा घेऊ नका असेच सांगते. सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी मात्र गवंड्यांच्या हातांवर वर्षांनी दिसते. डॉक्टरांनी बांधकाम कामगारांचे हात पाहून ती ओळखली. त्यावरून युरोपने २००५ पासून सिमेंटमधील विद्राव्य क्रोमियम-६ची मर्यादा दशलक्ष भागांत २ भागांवर आणली. उपाय होता सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट मिसळण्याचा.

महाराष्ट्रापुढचे उदाहरण याहून कठोर आहे. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. वापरलेल्या कीटकनाशकांच्या नोंदणीच्या फाइलींमध्ये प्राण्यांवरच्या चाचण्यांचे अहवाल होतेच. डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंगही अशाच चाचण्यांतल्या प्राणघातक मात्रेवरून ठरतो. डोक्याच्या वर वाढलेली कपाशी, पाठीवर गळणारा पंप, घामाने भिजलेला सदरा, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण आणि हातमोज्यांशिवाय केलेली कालवाकालव यांची नोंद त्या फाइलींमध्ये नव्हती. सशांच्या चाचण्यांवर होणारा खर्च आणि तपासनीसांचा वेळ वाचला, तर तो वळवण्याची पहिली जागा हीच आहे. विदर्भाच्या उन्हात खरोखर घालता येतील असे मोजे आणि सदरे, न गळणारे पंप, आणि फवारणीच्या हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रांत मजुरांच्या हातांची व रक्ताची तपासणी.